गोजिरा : एका भयाची चित्रपट-परंपरा

मराठीत 'गोजिरा' म्हणजे साजरा, डोळ्यांस सुखविणारा, लाडका. लेकराला आपण गोजिरवाणे म्हणतो. जपानी भाषेत नेमक्या ह्याच उच्चाराचे नाव सत्तर वर्षांहून अधिक काळ एका समुद्रराक्षसाचे आहे. पहिल्या चित्रपटात त्याची उंची पन्नास मीटर होती. त्याच्या पाठीवर करवतीच्या दात्यांसारखी पाती आहेत आणि त्याच्या मुखातून निघणाऱ्या किरणोत्सर्गी झोताने लोखंडी मनोरे मेणासारखे वितळतात. इंग्रजी वळणाने त्यास 'गॉडझिला' म्हणतात व आपल्याकडेही तेच नाव रुळले आहे. परंतु मूळ नाव 'गोजिरा' असल्यामुळे प्रस्तुत लेखात आम्ही तेच योजणार आहोत. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, ह्या दोन जपानी शब्दांच्या सांध्यातून ते घडले आहे. (व्याकरण शिकविणाऱ्या आमच्या मित्रांच्या नियमाने त्याचे 'गोजिऱ्याने', 'गोजिऱ्यास' व्हावयास हवे, तथापि परक्या विशेषनामास हा विकार आम्ही लावीत नाही.)

दोन भाषांतील हे उच्चारसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, हे उघड आहे. परंतु ह्या चित्रपटमालेचा इतिहास पाहू लागले म्हणजे त्या योगायोगाची गंमत थोडी खुपू लागते. कारण जपानी गोजिराही अवघ्या दहा-पंधरा वर्षांत मराठी अर्थाने गोजिरा होऊन बसला. तो तसा कसा झाला, त्या स्थित्यंतरात कोणती गोष्ट नजरेआड झाली आणि ती पुन्हा कशी वर आली, हे सांगण्याचा येथे विचार आहे. वाङ्मयास वाहिलेल्या पत्रिकेत राक्षसपटांस जागा कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर लेखातच मिळावे अशी आमची अपेक्षा आहे. तूर्त एवढेच म्हणतो की, जे दुःख एखाद्या समाजास उघडपणे बोलता येत नाही ते पुष्कळदा त्याच्या अद्भुत कथांतून बोलू लागते. आणि पुराणांतील असुरांच्या कथा वर्गात समजावून सांगणाऱ्या शिक्षकास हे नव्याने सांगावयास नको.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी ह्या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोटाची शक्ती सहा मेगाटनांच्या आसपास राहील असा शास्त्रज्ञांचा अदमास होता. प्रत्यक्षात ती पंधरा मेगाटन भरली. त्या वेळी तेथून सुमारे १६० किलोमीटरांवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, याइझू बंदराची एक मासेमारी नौका टूना मासे धरीत होती. तिचे नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे 'भाग्यवान नाग, क्रमांक पाच'. पहाटे पश्चिमेकडे प्रकाश फाकला, आणि काही तासांनी नौकेवर पांढरी भुकटी पडू लागली. ती प्रवाळाची किरणोत्सर्गी राख होती. नौकेवरील तेवीसही खलाशी आजारी पडले. त्यांतील बिनतारी संदेशवाहक आइकिची कुबोयामा ह्यांचा २३ सप्टेंबर रोजी मृत्यू झाला. मधल्या काळात शेकडो नौकांनी आणलेली मासळी दूषित ठरून नष्ट करण्यात आली. तोक्योच्या त्सुकिजी बाजारात तर ती जमिनीत पुरावी लागली. मासळीवाचून ज्या देशाचे एक जेवण होत नाही, त्या देशातील गृहिणी टूनाच्या तुकड्याकडे संशयाने पाहू लागल्या. तोक्योच्या सुगिनामी भागातील स्त्रियांनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेस देशभर पाठिंबा मिळून १९५५च्या ऑगस्टपर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. आपल्या देशातही ह्या चाचणीचे पडसाद उमटले होते. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याची मागणी केली, ती ह्याच स्फोटानंतर.

कुबोयामांच्या मृत्यूनंतर अवघ्या एकेचाळीस दिवसांनी, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, तोहो कंपनीचा 'गोजिरा' हा बोलपट जपानभर प्रदर्शित झाला. त्याचा आरंभच असा आहे : एका नौकेच्या डेकवर खलाशी गिटार व तोंडाचा बाजा वाजवीत विसावले आहेत, समुद्र एकाएकी झळाळतो, नौका पेट घेते आणि संदेशवाहक अखेरपर्यंत यंत्राच्या कळीवर बोटे आपटीत राहतो. हे दृश्य पाहताना त्या वर्षीच्या प्रेक्षकास कशाची आठवण झाली असेल हे सांगावयास नको. किंबहुना ताज्या दुःखाचे भांडवल केल्याचा ठपका काही समीक्षकांनी चित्रपटावर ठेवला. तो आरोप सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. निर्माते तोमोयुकी तानाका ह्यांचा इंडोनेशियाच्या सहकार्याने काढावयाचा एक चित्रपट आयत्या वेळी बारगळला होता, ती रिकामी जागा त्यांना भरावयाची होती. 'किंग काँग' हा जुना अमेरिकी चित्रपट १९५२ साली पुन्हा प्रदर्शित होऊन उत्तम चालला होता. आणि अणुस्फोटाने जागा झालेला प्रागैतिहासिक प्राणी शहरावर चालून येतो, अशा कथेचा एक अमेरिकी चित्रपट १९५३ साली येऊन गेला होता. धंद्याचा हिशेब होताच. पण धंद्याच्या हिशेबातून कित्येकदा हिशेबापलीकडचे काही निर्माण होते, आणि ते ज्यांच्या हातून झाले ती माणसे कोण होती हे पाहिले पाहिजे.

दिग्दर्शक इशिरो होंडा हे अनेक वर्षे चीनमध्ये सैनिक म्हणून राहिले होते. युद्ध संपल्यावर मायदेशी परतताना बेचिराख हिरोशिमा त्यांनी पाहिले. अणुबाँबचे गुणधर्म एका प्राण्याच्या देहात उतरवावे, हा आपला हेतू होता असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. करामतींचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया ह्यांची कथा अधिक विलक्षण आहे. पर्ल हार्बरवरील हल्ला छोट्या प्रतिकृतींच्या साहाय्याने उभा करणारा १९४२ सालचा युद्धप्रचारपट त्यांच्याच कौशल्यावर उभा होता, आणि त्यापायी युद्धोत्तर काळात त्यांना काही वर्षे नोकरीस मुकावे लागले. ज्या हातांनी विजयाची ती लुटुपुटीची आरमारे बांधली, त्याच हातांनी बारा वर्षांनी जळते तोक्यो बांधले. संगीतकार अकिरा इफुकुबे हे शिक्षणाने वनशास्त्रज्ञ. संगीत ते स्वतःच शिकले. १९५३ सालच्या 'हिरोशिमा' ह्या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच होते. गोजिराची ती सुप्रसिद्ध गर्जना कोणत्याही जनावराची नाही : डांबर फासलेला कातडी हातमोजा डबल-बेस ह्या अजस्र तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून ओढून तो आवाज काढला गेला आणि मग ध्वनिमुद्रणात त्याची गती बदलण्यात आली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १९४५ पासून पुढे काही वर्षे जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता, आणि अणुबाँबच्या परिणामांविषयीच्या लेखनावर व छायाचित्रांवर कडक नियंत्रण होते. ती राजवट एप्रिल १९५२ मध्ये संपली. होरपळलेल्या देहांची छायाचित्रे सामान्य जपानी वाचकास मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, एका साप्ताहिकाच्या खास अंकात. म्हणजे 'गोजिरा' पडद्यावर आला तेव्हा ह्या विषयावरील कुलूप निघून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. १० मार्च १९४५च्या रात्री अग्निबाँबांनी एक लाखाच्या आसपास माणसे जळाली, ते तोक्यो तर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच होते. चित्रपटात गिन्झा भागातील एका इमारतीच्या पायथ्याशी एक माता लेकरांना कवटाळून बसली आहे. आता थोड्याच वेळात आपण तुमच्या वडिलांकडे जाऊ, असे ती त्यांना सांगते. तिचा नवरा कोठे गेला हे चित्रपट सांगत नाही. राक्षस निघून गेल्यानंतर तर होंडा कथा जवळजवळ थांबवितात आणि रुग्णालयाच्या जमिनीवर दाटीवाटीने पडलेली माणसे दाखवितात. एका लहान मुलीजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरताच ते कडकड वाजू लागते. राक्षसपटाच्या इतिहासात ह्या दृश्यांस तोड नाही असे आमचे मत आहे. नंतरच्या राक्षसपटांत इमारती विपुल पडतात. इमारतींतील माणसे मात्र फारशी दिसत नाहीत.

कथेचा खरा पेच राक्षसाचा नव्हेच. प्राचीन जीवांचे अभ्यासक डॉ. यामाने ह्यांना हा प्राणी मारला जाऊ नये असे वाटते. हायड्रोजन बाँबमधून जो वाचला त्याच्यापासून काही शिकावे, असा त्यांचा आग्रह आहे. (हेच यामाने विधिमंडळापुढे जुरासिक युग वीस लाख वर्षांपूर्वी होते असे ठासून सांगतात व पुराव्यादाखल ट्रायलोबाइट नावाचा कीटकसदृश जीव पुढे करतात. वस्तुतः ते युग संपूनच साडेचौदा कोटी वर्षे लोटली आहेत आणि ट्रायलोबाइट त्याच्याही आधी नामशेष झाला होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात चूक शोधण्यासाठी जरूर द्यावा.) त्याच बैठकीत एक सभासद म्हणतो की, हा प्राणी अणुचाचणीमुळे आला हे जाहीर करू नये, परराष्ट्रसंबंध बिघडतील, आणि स्त्री-सभासद संतापून उठतात. दुसरीकडे युद्धात एक डोळा गमावलेल्या सेरिझावा ह्या तरुण शास्त्रज्ञास पाण्यातील प्राणवायूच नाहीसा करणारे द्रव्य सापडले आहे. गोजिरास तेवढेच मारू शकेल. पण ते एकदा वापरले की जगातील राज्यकर्ते त्याचे शस्त्र करतील, हे तो जाणून आहे. सारे शहर जळून गेल्यावर, शाळकरी मुलींची प्रार्थना दूरचित्रवाणीवर ऐकून तो आपले कागद जाळतो. कागद जळले तरी ज्ञान डोक्यात उरतेच. म्हणून समुद्रतळाशी राक्षस मरत असता तो आपली दोरी आपणच कापतो. ज्या शास्त्रज्ञांनी १९४५ साली अणुबाँब तयार केला त्यांच्यापुढील प्रश्न ह्याहून निराळा नव्हता. आणि राक्षस मेल्यावर यामाने जे उद्गार काढतात त्यांत विजयाचा लवलेश नाही : हा शेवटचा गोजिरा नव्हे, चाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कोठे तरी दुसरा उठेल, असा त्यांचा आशय आहे.

शहाण्णव मिनिटांच्या ह्या बोलपटास जपानात सुमारे ९६ लाख प्रेक्षक लाभले. १९५६ साली अमेरिकेत तो गेला, तो मात्र कापूनजोडून. रेमंड बर नावाच्या नटाची अमेरिकी वार्ताहराच्या भूमिकेतील नवी दृश्ये मध्ये घालण्यात आली, लांबी ऐंशी मिनिटांवर आणली गेली, आणि आगगाडीतील तो संभाषणाचा तुकडा, ज्यात एक तरुणी दूषित टूना, किरणोत्सर्गी पाऊस व नागासाकीतून आपण कसे वाचलो ह्याविषयी बोलते, तो गळाला. यामानेंच्या इशाऱ्याचीही धार गेली. जगातील बहुतेक देशांनी पुढे कित्येक दशके गोजिरा पाहिला तो हा असा. मूळ जपानी प्रत अमेरिकेतील चित्रपटगृहांत व्यापक प्रमाणावर लागण्यास २००४ साल उजाडावे लागले. भाषांतराचे काम करणाऱ्यांनी ह्या उदाहरणाकडे अवश्य पाहावे. राक्षस शाबूत, गर्जना शाबूत, जळते शहर शाबूत. हलविले गेले ते फक्त कारण.

परंतु सगळा दोष परदेशी कात्रीवर टाकणे न्याय्य होणार नाही. १९५५ साली दुसरा चित्रपट आला; १९६२ साली गोजिरा व किंग काँग ह्यांची झुंज रंगीत चित्रपटात लागली आणि जपानातील प्रेक्षकसंख्येचा उच्चांक झाला. तेथून पुढे राक्षसांच्या कुस्त्यांचा फड सुरू झाला. १९६४ सालच्या एका चित्रपटात अंतराळातून आलेल्या तीन मुखांच्या नागाशी लढण्यासाठी गोजिरास चक्क समजावून घ्यावे लागते. राक्षस आपसांत वाद घालतात आणि दोन चिमुकल्या पऱ्या त्यांच्या भाषेचा अनुवाद करून सांगतात. १९६५ साली तो एका ग्रहावर आनंदाने उड्या मारतो. १९६७ साली त्यास मूल येते. ज्याच्या देहात बाँब होता तो आता घरचा झाला, आणि मुलांच्या हाती त्याचे रबरी बाहुले आले. जपानी भाषेत अशा प्राण्यांस 'कायजू', म्हणजे विचित्र श्वापद, म्हणतात. पण विचित्रपण सवयीने झिजते.

ह्या काळाची सरसकट टवाळी करण्याकडे रसिकांचा कल असतो. आम्ही त्यात सामील होत नाही. १९६१ सालची 'मोसुरा' ही कथा शिन्इचिरो नाकामुरा, ताकेहिको फुकुनागा व योशिए होत्ता ह्या तीन नामांकित साहित्यिकांनी मिळून लिहिली, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. तीत अणुचाचण्यांनी पोळलेल्या बेटावरील लोकांचे दैवत एक महाकाय पतंग आहे, आणि त्यांच्यातील दोन पऱ्यांना पळवून नेणारा माणूस ज्या राष्ट्राचा, त्याचे नाव रशिया व अमेरिका ह्या दोन्ही नावांच्या मिश्रणातून बनविले आहे. पुढे ही मोसुरा गोजिराच्याच मालिकेत येऊन मिळाली. १९६९ सालचा होंडांचा चित्रपट तर राक्षसांचा म्हणावयाचा तो नावापुरताच. कावासाकीच्या कारखानी वस्तीत राहणारा एक मुलगा, आईबाप दोघेही कामावर, घराची किल्ली त्याच्यापाशी, गल्लीतली दांडगी पोरे त्यास छळतात. तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जाऊन गोजिराच्या पिलाशी मैत्री करतो. जुन्या चित्रपटांचे तुकडे वापरून कमी खर्चात केलेला हा चित्रपट रसिकांच्या यादीत तळाशी असतो. आम्हांस तो त्या भरभराटीच्या काळातील मुलांच्या एकाकीपणाचा प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. १९७१ साली योशिमित्सु बान्नो ह्यांनी गोजिरापुढे उभा केलेला हेदोरा हा शत्रू कारखान्यांच्या गाळातून जन्मला आहे. 'हेदोरो' म्हणजेच गाळ. त्या वर्षांत सुरुगा उपसागरात कागदगिरण्यांचा असा गाळ खरोखरच साचला होता.

तरीही ओहोटी लागलीच होती. दूरचित्रवाणीवर दर आठवड्यास नवा राक्षस फुकट दिसू लागल्यावर तिकीट काढून कोण जाणार? १९७५ सालच्या पंधराव्या चित्रपटास दहा लाखही प्रेक्षक मिळाले नाहीत, आणि माला नऊ वर्षे थांबली.

राक्षस उभा कसा केला जाई, हेही येथे सांगून टाकतो. बाहुली कणाकणाने हलवून चित्रे घेण्याची अमेरिकी रीत वेळखाऊ होती. म्हणून त्सुबुराया ह्यांनी माणसालाच राक्षसाचा पोशाख चढविला. हारुओ नाकाजिमा हे नट सुमारे शंभर किलो वजनाचा रबरी पोशाख घालून, प्रखर दिव्यांखाली, पंचविसांश आकाराच्या शहरातून चालत. त्यासाठी त्यांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती व अस्वले कशी चालतात ते न्याहाळले होते. कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवीत; मग तेच चित्र नेहमीच्या गतीने दाखविले की हालचाल संथ होते आणि देहास डोंगराचे वजन येते. वितळणारे विजेचे मनोरे खरोखरच मेणाचे होते. नाकाजिमांनी ही भूमिका १९७२ पर्यंत केली. आमच्या मते पहिल्या गोजिराच्या चालीत जो एक थकवा, एक ओझे जाणवते, ते ह्या माणसाच्या श्वासांचे आहे.

१९८४ साली गोजिरा परत आला, पुन्हा एकटा आणि पुन्हा क्रूर. तोक्योच्या इमारती दरम्यान इतक्या वाढल्या होत्या की त्याची उंची ऐंशी मीटर करावी लागली; पुढे ती शंभरावर गेली. ह्या आणि पुढच्या फळीतील चित्रपटांविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे नाही. त्यांत कसब आहे, पण निकड क्वचितच जाणवते.

निकड परतली ती निराळ्या वाटेने. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानात भूकंप झाला, समुद्र भूमीवर चढला आणि फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रातून किरणोत्सर्ग बाहेर पडला. २०१६ साली हिदेआकी आन्नो व शिन्जी हिगुची ह्यांनी 'शिन गोजिरा' काढला. त्यात राक्षस जेवढा दिसतो त्याहून अधिक बैठका दिसतात. मंत्री एका दालनातून उठून दुसऱ्या दालनात जातात, अधिकारी नियमांची कलमे शोधतात, प्राणी किनाऱ्यावर येणे शक्य नाही असे पंतप्रधान जाहीर करीत असतानाच तो येतो. चित्रपटाच्या अखेरीस राक्षस मरत नाही. तोक्योच्या मध्यभागी गोठलेला उभा राहतो आणि शहरास त्याच्या शेजारी जगणे भाग पडते. फुकुशिमाच्या अणुभट्ट्या मोडून हलविण्याचे काम अनेक दशकांचे आहे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना ह्या शेवटाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

आणि २०२३ साली ताकाशी यामाझाकी ह्यांचा 'गोजिरा मायनस वन' आला; सजीव नटांच्या जपानी गोजिरापटांतील हा तिसावा. अवघ्या पस्तीस जणांच्या चमूने केलेल्या त्याच्या दृश्यकरामतींस मार्च २०२४ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्याची वृत्तपत्रांनी भरपूर वाखाणणी केली. आमचे लक्ष कथेकडे गेले. काळ १९४५ ते १९४७चा. नायक कोइची शिकिशिमा हा आत्मघातकी विमानदलातील वैमानिक. मरणास भिऊन विमान बिघडल्याचे निमित्त करून तो एका बेटावर उतरतो, आणि जिवंत परतल्याची लाज घेऊन जळक्या तोक्योत राहतो. १९४६च्या बिकिनी येथील चाचण्यांनी भीषण झालेला गोजिरा गिन्झावर येतो. त्याच्या झोतानंतर काळा पाऊस पडतो. सरकार नाही, सैन्य नाही. जुने नाविक स्वेच्छेने जमतात. शेवटी शिकिशिमा बाँब भरलेले विमान राक्षसाच्या मुखात घालावयास निघतो, तेव्हा १९५४ सालचा सेरिझावा ज्याच्या स्मरणात आहे तो प्रेक्षक श्वास रोखून धरतो. कारण ह्या परंपरेत अशा माणसाने मरावयाचे असते. पण विमान तयार करणाऱ्या यंत्रज्ञाने, ज्याचे सोबती शिकिशिमाच्या भित्रेपणापायी त्या बेटावर मारले गेले होते त्याच यंत्रज्ञाने, बैठकीखाली वैमानिकास बाहेर फेकणारी कळ बसविली आहे आणि ती कशी ओढावयाची हे त्यास सांगूनही ठेवले आहे. शिकिशिमा ती ओढतो. आकाशात पांढरी छत्री उघडते.

ती 'भाग्यवान नाग' नौकाही टिकून आहे. तोक्योच्या युमेनोशिमा येथे १९७६ पासून तिच्यासाठी उभारलेल्या दालनात ती ठेवली आहे. नौका लाकडाची असून बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा लहान आहे.